कोंबडा न आरवलेली पहाट

गुरुवारी शेडच्या दाराशी पांढरे झगे आले.
आत माणसं असणार, पण दिसत नुसते डोळे.
ज्यांना आम्ही रोज दाणा घालायचो
ती सगळी गलबल दुपारपर्यंत खड्ड्यात गेली.
वर चुना. चुन्यावर माती. मातीवर पुन्हा चुना.
सुपरवायझरनं हजेरीचं बुक मिटलं, म्हणाला,
दीनाबाई, आता फोन करीन तेव्हाच या.

मग ते आमच्या फळीत आले, रंगावलीच्या कडेकडेनं,
घरं मोजत, खुराडी मोजत.
यशया बारडोलीकडं ऊसतोडीला गेलेला.
घरात मी, शलोमी, आणि भुरी.
भुरी अकरा अंड्यांवर, चुलीमागं, टोपलीखाली.

पहिल्यानं विचारलं, कोंबडी आहे?
नाही, म्हटलं.
दुसऱ्यानं कागदावर पेन टेकवून विचारलं, एखादी? लपवलेली?
नाही.
तिसरा तर पोरगाच, आमच्याच बोलीत बोलला,
मावशी, भरपाई मिळते, खरं सांग.
मी चुलीत फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला.
नाही रे बाबा.

तेव्हा मोजलं नव्हतं.

रात्री शलोमीला ताप चढला.
भुरीला कुशीत घेऊन झोपणारी पोर ती.
कपाळाला हात लावला,
हाताला जे कळलं ते मनाला सांगवेना.
प्रार्थनेला बसले तर शब्दच सापडेनात.
पाळकांना सगळं पाठ; मला नुसतं 'हे प्रभू' येई
आणि पुढं चुन्याचा वास.

एरवी आमच्याकडं चारलाच सुरू होतं,
रेहज्याच्या छपरावरून एक,
त्याला उत्तर देऊळभिंतीवरून,
मग नदीपल्याडचे सगळे.
त्या पहाटे कुणीच आरवलं नाही.
अंधार आपला पातळ होत गेला, कुणी न सांगता,
आणि त्या मुक्या उजेडात मला तो कोळी आठवला,
परक्या अंगणात शेकोटीशी हात शेकत
मी ओळखत नाही म्हणणारा.
त्याला निदान हाक ऐकू आली होती,
कधी रडायचं ते कळलं होतं.
माझं मलाच आरवावं लागलं.

एका खांद्यावर पोर, एका काखेत टोपली.
शाळेच्या पडवीत त्यांचं टेबल.
आहे, म्हटलं. कालही होती.
तो पोरगा रागावला नाही. मोजे चढवता चढवता
क्षणभर थांबला, एवढंच.
तेवढ्यात मी भुरीच्या पंखाखाली शेवटचा हात घातला.

लहानपणापासून पंखांखालचा आसरा ऐकत आले.
वाटायचं, तिथं भीती पोचत नसेल.
हाताला लागलं ते तिचं काळीज,
माझ्याइतकंच धडधडणारं.
आणि तरी अंडी गरम होती.
शहराकडं बघून रडताना त्यानंही
स्वतःला कोंबडीच म्हटलं ना, गरुड नाही.
बागेतल्या त्या रात्री घाम त्यालाही फुटलाच होता.
हे मला कुठल्या उपासनेत कळलं नव्हतं,
चुन्याच्या पोत्याशेजारी कळलं.

आता आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोलीत.
शलोमी काचेपल्याड. तिला बिस्किटं हवी आहेत
आणि भुरी कुठंय ते.
पहिलं मी देऊ शकते, सिस्टरच्या हातून.
पुण्याहून कागद यायचाय. अजून आलेला नाही.
बाहेर कोण काय काय बोलतं. कुणी म्हणतं,
बाजार वर्षभर उठणार नाही. कुणी म्हणतं,
ख्रिस्तानी पाड्यातूनच आलं हे.

भीती गेली असं मी म्हणणार नाही.
ती बाकावर माझ्याशेजारीच बसलीय,
डबा घेऊन आलेल्या लांबच्या नातलगासारखी,
उठायचं नाव नाही.
मी तिला फक्त जरा सरक म्हटलं.
मधे एका माणसापुरती जागा झाली.

काल रात्री मी चार तास झोपले, बसल्या बसल्या,
मान एका बाजूला टेकवून.
त्या बाजूला भिंत नव्हती.