रायझर

उद्यमबागेतल्या फौंड्रीत सकाळी नऊला
हिशेबखात्याच्या दाराशी वही घेऊन बसले
आणि माणसं मोजायला लागले.
कागदावर त्रेचाळीस. परवाने त्रेचाळीस.
खुर्च्या एकोणतीस, त्यातल्या दोन मोडक्या.

खानापूरच्या गोदामातून सुलोचना गुंजीकर आत येते सव्वानऊला,
हद्दीपलीकडून, चंदगडच्या डेपोतून, दोघं,
हुबळीचा विक्रेता बसमधून, रेंज असली तर.
सगळे एकाच पेटीत,
जिन्याखालच्या,
जिच्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून तसंच आहे.

एका वेळी आत, सव्वीस.

माणशी दोन जीबी, मी लिहिलं.
भरमू एक्सेलच्या सात फायली उघडून बसतो, त्याला तीन.
सुलोचना जेवायला उठते ती लॉग-ऑफ न करताच,
नुसती खिडकी मिटते. ती जाते,
तिचं बसणं आत राहतं,
दिवा चालू ठेवून दार ओढून घ्यावं तसं.
असे पाच दिवे मला सापडले.
एक तर जूनमध्ये नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा.

पायगोंडा शेठ बोटांवर मोजत म्हणाले,
"सव्वीस दुणे बावन्न, पेटीला स्वतःला आठ, साठ.
चौसष्टची घाल. वर चार शिल्लक राहूलालेत की."
हिशेब बरोबर होता.
अडचण तीच होती.

मी म्हटलं, वीस तारीख.
त्या दिवशी जीएसटीपायी अडतीस जण आत असतात,
डिस्क घरघरते,
आणि सुलोचनाचा फोन येतो,
"मॅडम, गोल फिरूलालंय नुसतं, हात लावू की नको?"
"महिन्यातनं एक दिवस," शेठ म्हणाले,
"त्याच्यासाठी बाकीचे एकोणतीस दिवस
रिकामी जागा पोसू व्हय मी?"

मला उत्तर सुचलं नाही.

चहाला खाली उतरले. सत्याप्पा साचे फोडत होता.
काळी वाळू गळून पडली, आतून पंपाचं अंग निघालं,
आणि त्याच्या डोक्यावर मुठीएवढा लोखंडाचा खुंट,
कशाच्याच कामाचा न दिसणारा.
"हे काय?"
"रायझर." तो मान वर न करता बोलत होता.
"लोखंड निवताना आकसतंय. तवा ते वरनं पितंय.
हे नसलं तर अंग गुळगुळीत, पोटात पोकळ.
इथं कळत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात फुटतंय."
"आणि नंतर?"
"कापायचं. परत भट्टीत."

एक कापलेला रायझर मी वर नेला,
चिंध्यांत गुंडाळून, अजून कोमट,
आणि टेबलावर ठेवला, कोटेशनवर.
शेठनी तो उचलला, अंगठ्यानं कापाची कड चाचपली.
त्यांच्या त्याच अंगठ्याला जुनी भाजल्याची खूण आहे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"किती?"
"शहाण्णव."
"घाल. पण डिस्क जुनीच चालूदे."
त्यावर आमचं दुपारी तीनपर्यंत चाललं.

संध्याकाळी ते पाच दिवे मालवायला बसले.
जूनवाल्याच्या खिडकीत एक अर्ज होता,
कन्नडमधला, तिसऱ्या ओळीवर थांबलेला.
मला अक्षरं लागतात, पण सावकाश.
बंद करताना पेटीनं विचारलं, जतन करायचं का?

मी होय म्हटलं.
अठ्ठावीस केबी. कुठेही मावतं.