बरणी क्रमांक एकशे बारा

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजात
प्राणिशास्त्राच्या खोलीत, तिसऱ्या फळीवर,
सापाच्या सांगाड्यामागे
बरणी क्रमांक एकशे बारा : खोल पाण्यातली पाकट.
दर जूनला मी तिच्यात फॉर्मलीनची भर घालतो,
डोळे चुरचुरतात. बाकी आमचं काही बोलणं नाही.

काल खैरनार मॅडमनी नवी चिठ्ठी दिली.
"दातीर, जुनी काढा, ही लावा."
जुनीवर होतं : माहिती अपुरी.
नवीवर : संकटग्रस्त.
म्हटलं, मधल्या काळात माहिती पुरी झाली का?
मॅडम म्हणाल्या, नाही. पाकटी कमी झाल्या.

कोमट पाण्याने डिंक सुटला.
खाली अजून एक चिठ्ठी, शाईची, कुणाच्या तरी हातची :
मिरकरवाडा. ट्रॉलर. कुट्टीच्या ढिगातून उचलली.
एवढंच. ना तारीख, ना किती खोल.

कुट्टी मला माहीत आहे.
जाळं तळ खरवडून वर येतं,
कोळंबी वेचून घेतात, उरलं ते फावड्याने बाजूला,
वाळवतात, दळतात, पोत्यात भरतात
आणि पोती कसारा घाट चढून
मोहाडीला माझ्या मेहुण्याच्या शेडवर उतरतात.
त्याच्या खाद्याच्या खोलीत शिरलं
की नाशकात समुद्राचा वास येतो.

आमची नदी तर समुद्राकडे पाठ करून निघालेली,
जवळचा सोडून तिने लांबचा धरला.
समुद्रच येतो मग. ट्रकने.

चार हजार कोंबड्या, जवळपास रोज एकेक अंडं.
हिला म्हणे वयात यायलाच कितीतरी वर्षं,
मग एखादं पिल्लू,
तेही जाळ्याने वाट सोडली तर.

बरणी उजेडात धरली.
पोटाकडून ती हसल्यासारखी दिसते,
पोरं फोटो काढतात.
पण ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत.
डोळे पाठीवर, भिंतीकडे.
इतकी वर्षं मी तिला उलटी ठेवत आलो होतो.

फिरवून ठेवली.
नवी चिठ्ठी लावली, शाईची झाकली नाही.
मॅडमना सांगितलेलं नाही अजून.

संध्याकाळी कॉलेज रोडला भुर्जीच्या गाडीवर
पोराने विचारलं, काका, दोन की तीन?
बोटांना फॉर्मलीनचा वास होता.
दोन, म्हणालो.
मग थोडा वेळ नुसताच उभा राहिलो
तव्यावरचा पिवळा रंग बघत.