फॅट

बावीस वर्षं मी गावाच्या दुधाचं फॅट काढतो.
आधी काचेची नळी होती. दहा मिली तेजाब,
त्यावर अलगद दूध, बूच, मग हातानं फिरवायचं चाक.
नळी इतकी तापायची की धोतराच्या सोग्यात धरावी लागे.
वर पिवळा पट्टा तरंगायचा. तेवढा वाचायचा.
आता मशीन आहे. बुडवलं की आकडा.
गाय तीन आठ, म्हैस सहा पाच.
आकडा चढला की भाव चढतो,
भाव चढला की बाया पदर सारखा करून
मागच्या बाईकडे वळून बघतात.

दुधात पाणी असलं तर मला
कॅन फरशीवर टेकल्याच्या आवाजावरून कळतं.

सेवाग्रामला एका पोरीनं माझी नळी भरून घेतली.
बारा तास उपाशी होतो. पंचफुला शेजारी बाकावर,
मांडीवर डबा, डब्यात भाकर आणि जवसाची चटणी.
तासाभरानं पोरीनं नळी उजेडात धरून दाखवली.
लाल ते खाली बसलेलं.
वरचं पाणी नितळ असायला हवं होतं म्हणे.
ते पांढुरकं होतं, दुधाळ.
मी ओळखलं. मी नाही ओळखणार तर कोण?

सहाशे चाळीस.
म्हशीचं असतं तर सहा चार.
मी सवयीनं विचारलं, "मंग भाव काय लागते?"
पोरगी हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"मटण किती वेळा?"
"पोळ्याच्या करीले. मंग कोणाचा नवस फिटला तर."
"तूप?"
"रोडग्यावर. रोडगे होतेत वर्षातून दोनदा."
मी जिंकत चाललो होतो.
"चहा?"
पंचफुला पंख्याकडे बघू लागली.
सेंटरवर जितके कॅन, तितके चहा.
अर्धाच कप, पण साखर पुरी,
दूध तर घरचंच, आणि बिस्किटाचा पुडा
कोणीतरी फोडलेला असतोच.
दहाला तर्री पोहे, वरून पुन्हा तर्री.
"तेल कोणतं?"
"पुड्यातलं. स्वस्त असन ते."

माझा बाप वाटीनं तूप प्यायचा,
हे मी सांगणारच होतो.
ओठावर आलं होतं.
पण बापापुढे चाळीस गवळाऊ गाई चालायच्या,
पांढऱ्या, कोणासाठी न थांबणाऱ्या,
आणि संध्याकाळपर्यंत संपायचं नाही असं रान.
माझ्यापुढे टेबल आहे. मागे खुर्ची.
खुर्चीची पट्टी तुटली तर मी दोरी बांधली,
उठलो मात्र नाही.

आणि गुलाब घागरे. तो तर माळकरी,
जन्मात अंडं फोडलं नाही त्यानं.
टेम्पोवर कॅन चढवता चढवता खाली बसला
तो बसलाच. एक्केचाळीसचा होता.
कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं ऊन.
तेरवीनंतर हॉटेलवाल्यानं वही दाखवली:
दोनशे साठ रुपये, बालूशाही.
ते मी दिले. वहिनीला सांगितलं नाही.

घरी आलो तर पंचफुलानं
साखरेचा डबा फळीच्या वरच्या खणात ठेवला,
जिथे माझा हात सहज पोचतो आणि तिचा नाही.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.
अंबाडीची भाजी, दोन भाकरी, ताक.
ताकावरचा लोण्याचा गोळा
तिनं बोटानं बाजूला केला,
जरा वेळ बघितला,
मग मांजरीलाही दिला नाही.

सकाळी साडेपाचला रांग.
भागाबाईची म्हैस नुकती व्यालेली,
तिचा कॅन आधी.
मशीन घुरघुरलं, आकडा आला, सात दोन.
"किती आलं गा?"
"सात दोन."
"चांगलं हाये ना?"

बावीस वर्षांत या प्रश्नाला मला
श्वास घ्यावा लागला नव्हता.

"भाव चांगला हाये, मावशी," मी म्हणालो,
आणि पोरानं पुढे केलेला कप
टेबलावर ठेवून दिला.
त्यावर साय धरत गेली.
मी पुढचा कॅन घेतला.