पहिल्या हाकेला

दर्पण भगतने लॅपटॉप माझ्याकडे तिरका केला
आणि म्हणाला, मॅडम, हा तुमचा फोन.
बोलतोय.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात आमची पेढी,
खाली मिरचीची पोती, वर माळ्यावर मी आणि हिशेब.
नवा राउटर बसवायला आलेला हा दिवाळ्याचा पोरगा
शिंकत शिंकत वायर ओढत होता.
फोन माझ्या पर्समध्ये, पर्स खुर्चीच्या पाठीला.
तो कशाला बोलेल?

"जुना आहे ना. जुने असेच.
जिथं जिथं वाय-फाय जोडलंत
त्या प्रत्येकाला नावानं हाका मारत फिरतात,
आहेस का, आहेस का,
दिवसभर. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

मी चष्मा लावला.

कोपरखैरण्याची सोनेतारण शाखा.
घरी सांगितलंय, बांगड्या लॉकरमध्ये आहेत.
नेरूळचं हॉस्पिटल, चौथा मजला,
गाठ साधी निघाली, म्हणून ती झालीच नव्हती.
आणि समोरच्या गल्लीतली रांभिया पेढी,
जिथं मार्चमध्ये मी मुलाखत देऊन आले,
अन् आमचे शेठ नेमके त्याच क्षणी
दर्पणच्या खांद्यावरून वाकलेले,
वायर कुठून नेली ते बघायला.

दर्पणने लॅपटॉप मिटला. घाई न करता.
"स्पीड मस्त येतोय, शेठ."

भिंतीला कान असतात, हे शाळेत गिरवलेलं.
खिशाला जीभ असते
हे कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर चहा पिताना म्हणाला,
"बाबा रात्री खाडीत जाळं टाकायला जायचे.
कांदळवनातून कुणी नावानं हाक मारली
तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.
दुसऱ्याही नाही.
तिसरी मारली तर माणूस.
त्याला तिसरी मारता येत नाही."

कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.
बशीतला चहा संपवून म्हणाला,
"वाशी स्टेशनच्या जिन्याखाली कुणी बसतो,
मांडीवर एवढीशी पेटी.
तुमचा फोन विचारतो, हॉस्पिटल, आहेस का?
पेटी म्हणते, आहे ना, ये.
हा लगेच जातो.
नाव ओळखीचं, गळा भलत्याचाच.
मग तुम्ही जे जे बोलाल ते त्याच्या हातून."

आपोआप जोडणं त्याने बंद करून दिलं.
स्टेशनवर, मॉलमध्ये फुकटच्याला भुलू नका म्हणाला,
बँकेचं काम स्वतःच्या डेटावर करा म्हणाला,
आणि जुनी नावं तुमची तुम्ही काढा, मी बघत नाही.
खरंच पाठ करून बसला, पोत्यांकडे तोंड.

हे नेटवर्क विसरायचं? फोन विचारत होता.
माणसांसाठी असं बटण नाही, वगैरे
काहीतरी सुचत होतं,
पण शेठ जेवून यायची वेळ झाली होती.
सोनेतारण, विसर.
चौथा मजला, विसर.
रांभिया, थांब, अजून कळवलेलं नाही त्यांनी.
बरं, तूही.

मग खाली अशी नावं आली जी माझी नव्हती.
फोन आधी निहारचा. नवा घेतला तेव्हा
पुसून न घेताच त्याने माझ्या हातात ठेवला होता.
बेलापूरचं कॉलेज. एक जिम. कुणाचं तरी घर.
आणि सानपाड्याचं समुपदेशन केंद्र.

त्याला पासवर्ड होता.
म्हणजे त्याने काउंटरवर मागून घेतला असणार.
म्हणजे बाहेरच्या बाकावर
बराच वेळ बसला असणार.
कोणत्या साली?
मी तेव्हा कुठल्या रकान्यात काय भरत होते?

वर्षभर माझ्या पर्समधून
माझा मुलगा त्या दाराला हाक मारत होता
आणि मी भाजी घेत होते.

अंगठा जरा वेळ तसाच राहिला.
मग मी विसर म्हटलं.
फोनला.

रात्री भाकरी थापताना
आतल्या खोलीतून आवाज आला, आई.
मी ओ दिली नाही. हात पिठात होते, असं धरू.
आई.
तव्यावरची उलटली.
आई, फोन नीट चालतोय ना गं तो?

चालतोय, म्हटलं.
कमी बोलतो हल्ली.
ये, गरम आहे तोवर बस.