साडेचारची लाईन

पावणेचारला त्याचा फोन आला.
"साडेचारले बंद करतो व. नाल्याजवळचा जम्पर
जळला हाय. काही शिजत असन तं आटप."

शिजत काहीच नव्हतं.
दालचिनी अजून पाच रुपयांच्या पुडीत,
स्वतःभोवती गुंडाळून निजलेली.

यीस्टला फुगायला तासभर लागतो. तास कुठला?
दही ओतलं, चिमूटभर सोडा, मैद्यात निम्मी कणीक,
हाताला बजावलं, फार मळू नको,
पोळीसारखा याचा अंत पाहायचा नसतो.

लोणी. साखर. मग खलबत्त्यातली तांबूस पूड,
जिच्या वासानं समीक्षा वही टाकून उठली.
"आज कोणाचं काय आहे?"
कोणाचं काही नव्हतं. मंगळवार होता.

सुरीनं कापलं तर सुरळी चेपते,
म्हणून शिलाईचा पांढरा दोरा खालून सरकवला,
टोकं वर घेऊन ओढली. अकरा तुकडे.
प्रत्येकात एक वेटोळं,
त्याच्या गाडीच्या हँडलला लटकतं ना,
तसलं तारेचं भेंडोळं.

ओव्हन मावसबहिणीचा जुना,
नागपूरहून एसटीच्या टपावर आलेला, काचेला तडा.
दांडी लाल होईस्तोवर चार वाजून नऊ.

काचेपुढे बसलो आम्ही दोघी.
वेटोळी एकमेकींना खेटत फुगत गेली,
कडेची तांबूस, मधली अजून पांढुरकी,
आणि पंखा मंदावला.
शेजारच्या टीव्हीतली बाई वाक्यातच गेली.
"गेली काय व?" सिंधूबाई भिंतीवरून माझ्याकडेच बघत,
जशी काही मीच खाली ओढली दांडी.

चार सव्वीस.

समीक्षा ओव्हनचं दार उघडू पाहत होती.
मी तिचा हात धरला.
राहू दे. आत ऊब आहे अजून.
बराच वेळ तसंच बसलो,
बंद दाराला दोन्ही तळवे लावून.

सातला लाईन आली, साडेसातला तो.
नखांत काळं, शर्टाला जळक्या रबराचा वास.
"परमिट लवकर भेटलं," एवढंच बोलला,
ताटलीकडे बघत.

मी म्हटलं, कडेचे घे, मधला कच्चा राहिला.

"मधलाच दे. माह्याच चार मिनिटाचा हाय तो."

आणि बाहेरच्या टोकापासून
हळूहळू उलगडत खाल्ला त्यानं,
न तोडता,
सवयीच्या हातानं.