थंड डाग

या गिटारीला पाठीमागे झाकण नाही.
मधून लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही कुशी पोकळ,
वर इंग्रजी एफसारखी दोन भोकं.
आत जे आहे ते त्या भोकातून गेलं,
त्याच भोकातून बाहेर यायचं.

कॉस्मे शुक्रवारी आला शिवोलीहून, बाजार करून,
एका हातात पेटी, दुसऱ्या हातात चोरिसांची माळ.
"सगुण बाब, घुंय घुंय करता. आतां चड करता."

आधी सहा दोरे.
दोन आवाजाचे, दोन सुराच्या धारेचे,
एक स्विचचा, एक जॅकचा.
नट सोडवायचा, दांडीला दोरा बांधायचा
आणि मगच ढकलायची ती अंधारात,
म्हणजे परतीची वाट राहते.
फुलांचा दोरा तुटतो, हे एकदा शिकलोय.
बेतीहून आणलेली गळाची नायलॉन बरी.

तारांच्या आधी बाहेर आलं ते असं:
लग्नात उधळतात त्या रंगीत कागदाच्या टिकल्या, ओंजळभर,
कुंभारीण माशीचं मातीचं रिकामं घर,
एक प्लेक्ट्रम, आणि कोणाच्या तरी शर्टाचं बटण.
मग सगळा गुंता, खाऱ्या वाऱ्यानं कळकलेला,
मोरचुदी हिरवा.

तार लाल. टेलिफोनची.
ही तार मी ओळखतो.
मांद्रेकर मास्तरांच्या दुकानात तिचं एक भेंडोळं होतं,
एक्स्चेंजमधून कोणीतरी आणून दिलेलं,
वर्षानुवर्षं संपायचं नाव नाही.
आणि पॉटच्या पाठीवर, जिथे पुलाची तार जमिनीला भेटते,
तिथे एक डाग: राखाडी, सुरकुतलेला,
शिळ्या बांगड्याच्या डोळ्यासारखा.

मास्तर म्हणायचे, कथील चकाकलं पाहिजे,
तारेनं ते प्यायला हवं, नुसतं वर बसून उपयोग नाही.
मी एकोणीस वर्षांचा. वीज गेली होती बहुतेक,
कैया निवत चालला होता,
आणि मास्तर जेवून यायच्या आत
मी झालं म्हणालो.

सव्वीस वर्षं.
कॉस्मेला ठाऊक होतं एवढंच:
गिटार जरा तिरपी धरली,
डावा खांदा पाडला, कोपर कडेवर दाबलं,
की घुंय घुंय थांबते.
तो तसाच वाजवत राहिला,
म्हापशाच्या तियात्रांत, कळंगुटच्या हॉटेलांत,
लग्नांत पहाटे तीनपर्यंत.
लोक म्हणाले, काय लकब आहे!
पोरगी शिकली ती तशीच, खांदा पाडून,
तिच्या गिटारीत काही बिघाड नसताना.

पुठ्ठ्याला चार भोकं पाडून नवी जोडणी मी बाहेरच केली.
प्रत्येक डाग भिंगातून पाहिला.
मग दोरे ओढायला घेतले, विहिरीतून कळशी काढावी तसे;
पहिला आला, दुसरा आला,
तिसरा ठोकळ्याला अडकला तो जेवणाची वेळ टळेपर्यंत.
शिव्या घातल्या. त्या मराठीतच येतात मला, अजून.

संध्याकाळी कॉस्मेनं अँपला लावली.
काहीच नाही.
इतकं काहीच नाही, की त्यानं वायर हलवून पाहिली,
लागलीय ना म्हणून.
मग एक कॉर्ड. पंख्याच्या पात्यांवरची धूळ ऐकू यावी
इतकी स्वच्छ.

मी सांगणार होतो.
तोंडात वाक्य तयार होतं, कॉस्मे बाब, तो डाग...
पण त्यानं डोळे मिटले होते
आणि डावा खांदा पडला होता,
कोपर कडेवर दाबलेलं,
जिथे आता दाबायला काही नाही.

बिलावर सामानाचे लिहिले. मजुरीची रेघ कोरी.
त्यानं बिल दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि माळेतले चार चोरिस तोडून
कागदात गुंडाळून ठेवले टेबलावर,
कैयाच्या बाजूला, जरा लांब.

टिकल्या मी टाकल्या नाहीत.
तोही घेऊन गेला नाही.
जुना पॉटही आहे इथेच, खणात,
डागाची बाजू खाली करून.