कॉशन ऑर्डर

एकतीस वर्षं चावीवाला होतो मी,
अमळनेर ते टाकरखेडे.
खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंड्या.
रुळावर ठोका मारायचा आणि ऐकायचं.
चांगला रूळ वाजतो.
आतून गेलेला बद्द करतो.

कस्तुराच्या मांडीवर ठोका कोण मारणार?
पाटावरून उठताना दर वेळी
"गुडघा शे," म्हणायची,
मीही गुडघ्याचंच तेल आणत राहिलो.
सहा वर्षांपूर्वी छातीतलं काढलं,
तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
ते बोलायच्या आधीच मला दिसलं:
मांडीच्या हाडाला, वरच्या अंगाला,
वाळवी लागल्यासारखं.
"अजून मोडलं नाही. पण मोडेल.
त्याआधी आत सळई घालू."
मग शेक, पाच दिवस.
मग महिन्याला एक सलाईन, हाडासाठी,
पण सलाईनच्या आधी
दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या.

"दुखस मांडी, नि दात कसाले देखतस?"
हसली. आठवड्यात पहिल्यांदा.
एक दाढ काढावी लागली,
तिचं दुःख तिला मांडीपेक्षा जास्त झालं.

शेकाच्या पोरीनं जांभळ्या शाईनं फुली काढली,
पुसू नका म्हणाली.
त्या पंचेचाळीस डिग्रीत पाचही दिवस
मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसलं,
तेवढी फुली सोडून.
"गोंदण शे मन्हं," म्हणे, "फुकटनं."

बरं होईल का,
हे मी एकट्यानं विचारलं, लिफ्टपाशी.
"आजार राहील. चालता येईल."

एवढं मला कळतं.
तडकलेल्या रुळाला पट्टी कसली
म्हणून रूळ सांधत नाही.
पण रात्रीची गाडी तिथूनच काढायची असते.
ड्रायव्हरच्या हाती कागद देतात:
इथे वीसच्या वर नको.
तो कागद वाचून
कुणी गाडी माघारी नेल्याचं मी पाहिलं नाही.

आता वॉकर धरून ती ओट्यापर्यंत जाते.
मी मागे, हात न लावता.
काल कळण्याची भाकरी स्वतः थापली,
एक करपली, ती मला वाढली.

पहाटे अजून जाग येते, गस्तीच्या वेळेला.
अंधारात तिच्या पायाची हालचाल ऐकत पडतो,
श्वास धरून,
हातोडा नाही, झेंडी नाही.
तिला कसं कळतं कोण जाणे.
"निजी जा तुम्हीन," म्हणते,
"गाडीले टाइम शे आजून."